लहान वासरांची वैरण: केव्हा, किती आणि कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुधाची वासरे सांभाळणाऱ्यांकडून वैरणीबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे जन्मापासून साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या वासरांसाठी आहेत. वजनाचे आकडे संकरित होल्स्टीन वासरू डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत, म्हणजे जन्मतः २५ ते ३५ किलोचे. जर्सी संकरित किंवा देशी वासरू लहान असते, त्याला त्या मानाने कमी धरा. ‘खुराक’ म्हणजे काफ स्टार्टर किंवा घरचा भरडा, आणि ‘वैरण’ म्हणजे कडबा, गवत, घास, मका, मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) असे सगळे.

१. वासराला वैरण कितव्या दिवसापासून दाखवायची?

दुसरा आठवडा संपता संपता. त्याआधी ठेवली तरी वासरू ती नुसती हुंगते, फार तर एखादी काडी तोंडात घोळवते. त्यात नुकसान काही नाही.

क्रम मात्र पाळा. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक. तीन-चार दिवसांपासून स्वच्छ पाणी आणि चिमूटभर खुराक. मग वैरण. वैरण आधी आणि खुराक महिन्याने, हा उलटा क्रम आपल्याकडे फार दिसतो आणि त्याचे परिणाम वासराच्या अंगावर दिसतात (प्र. ९).

२. आमचे डॉक्टर म्हणतात, दूध तुटेपर्यंत वैरण देऊच नका. दुसरे म्हणतात, द्या. खरं कुणाचं?

दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००१ साली दुभत्या जनावरांच्या आहाराचे जे मानक छापले, त्याचा कल दूध तुटण्याआधी वैरण टाळण्याकडे होता. लहान वासराच्या पोटात जागा कमी असते. ती काडीने भरली तर खुराक कमी जातो आणि वाढ मागे पडते, असा तो विचार. जुने डॉक्टर तेच शिकले.

नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या प्रयोगांनी हे चित्र बरेच बदलले. स्पेनमध्ये होल्स्टीन गोऱ्ह्यांवर झालेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. सगळ्यांना तेच दूध, तोच गोळी खुराक. काहींना सोबत कुट्टी केलेली वैरण. नुसत्या खुराकावरची वासरे रोज सरासरी ७२० ग्रॅम वाढली, तर ओटच्या वाळल्या गवताची कुट्टी मिळालेली ९३० ग्रॅम. महत्त्वाची गोष्ट अशी की वैरण मिळालेल्या वासरांनी खुराकही जास्त खाल्ला.

तेव्हा ‘देऊ नका’ म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही, ती भरमसाट आणि चुकीच्या वैरणीबद्दल खरी आहे. थोडी, कोरडी, गवतवर्गीय वैरण द्यावी, या बाजूला आज पुरावा झुकलेला आहे.

३. पोट (रुमेन) कशाने तयार होतं, वैरणीने की खुराकाने?

दोन्हींनी, पण कामे वेगळी आहेत. या पानावरची निम्मी उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून जरा सविस्तर.

जन्मलेल्या वासराच्या चार कप्प्यांपैकी चौथा कप्पा सर्वांत मोठा असतो, कारण दूध तिथेच पचते. मोठ्या गाईत जे कोटीपोट, म्हणजे रुमेन, पोटाची बहुतेक जागा व्यापते, ते वासरात लहान आणि जवळजवळ निकामी असते. त्याचे दोन अर्थांनी ‘वाढणे’ असते. एक, आतल्या अस्तरावर बारीक बोटांसारखे उंचवटे उगवणे. अन्न आंबून तयार होणारी आम्ले या उंचवट्यांतून रक्तात शोषली जातात. दुसरे, पिशवीचा आकार वाढणे आणि तिच्या भिंतीतले स्नायू बळकट होणे.

उंचवटे वाढवतात ती मुख्यतः ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्ले, आणि ती जास्त तयार होतात धान्याच्या खुराकापासून. वैरणीपासून ॲसिटिक आम्ल अधिक निघते, त्याचा या कामी उपयोग कमी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाची सहा आठवड्यांच्या वासरांच्या कोटीपोटांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. दूध आणि धान्यावरच्या वासराचे अस्तर गडद, खरखरीत टॉवेलासारखे. दूध आणि वाळल्या गवतावरच्या वासराची पिशवी मोठी, पण अस्तर फिकट नि बरेचसे गुळगुळीत.

ही छायाचित्रे पाहून पुष्कळांनी ‘वैरण निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढला. तो अर्धवट आहे. नुसत्या बारीक दळलेल्या खुराकावर कोटीपोटातली आम्लता फार वाढते, उंचवटे एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि अस्तरावर मृत पेशींचा जाड थर चढतो. मग उंचवटे असूनही शोषण नीट होत नाही. वैरणीची काडी अस्तर घासून साफ ठेवते, स्नायूंना काम देते आणि रवंथ सुरू करते. रवंथाबरोबर लाळ येते आणि लाळ आम्लता कमी करते. कोटीपोट खुराकाने घडते, वैरणीने ते चालते राहते.

४. मग नेमकी किती द्यायची?

एकूण कोरड्या खाण्याच्या, म्हणजे खुराक आणि वाळली वैरण मिळून, साधारण ५ टक्के. फार तर १० टक्के. महिन्याचे वासरू दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम खुराक खात असेल, तर वैरण १५-२० ग्रॅम पोटात गेली तरी पुष्कळ झाली. दोन महिन्यांचे वासरू ८०० ग्रॅम ते किलोभर खुराकावर आले की ५० ते १०० ग्रॅम. म्हणजे आधी लहान मूठ, नंतर दोन-तीन मुठी. यापेक्षा अचूक मोजत बसू नका. वैरणीपायी खुराक कमी होतोय का, एवढे पाहा. कमी झाला, तर वैरण कमी करा.

दूध तुटल्यावर हे प्रमाण हळूहळू वाढवत चौथ्या महिन्यात चांगल्या प्रतीची वैरण मोकळी सोडता येते, सोबत दीड ते दोन किलो खुराक ठेवून.

५. आपल्याकडे ओटचं वाळलं गवत कुठे मिळतं? कडबा चालेल का?

चालतो. स्पेनच्याच प्रयोगात बार्लीच्या काडानेही फायदा दिसला, आणि काड म्हणजे पोषणाच्या दृष्टीने कडब्याहून हलकीच वस्तू. इथे वैरणीकडून पोषण हवेच कुठे आहे? काडीचा खरखरीतपणा हवा आहे.

ज्वारीचा पांढरा, न भिजलेला, पानाळ कडबा घ्या आणि जाड बुडखा काढून टाका. मारवेलसारखे किंवा डोंगरी गवत फुलोऱ्याच्या आधी कापून वाळवलेले असेल तर कडब्यापेक्षाही बरे. कोकणात भाताचा पेंढा असतो. तो चव नसलेला आणि सिलिका जास्त असलेला, तरी मूठभराला हरकत नाही. गव्हाचे काडही चालते. सोयाबीन नि हरभऱ्याचे भुसकट बारीक आणि धुळकट असते, टोचणाऱ्या शेंगांच्या टरफलांसकट येते. मोठ्या जनावरांना ठीक आहे, वासरांना नको.

रब्बीत पाणी असेल तर दोन-चार गुंठे ओट करून बघाच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा ओटचा वाण आहे. फुलोऱ्यात कापून सावलीत उलटसुलट करत वाळवला, तर एवढ्याशा तुकड्यावर गोठ्यातल्या सगळ्या वासरांची वर्षाची सोय होते.

६. लसूणघास तर सगळ्यात पौष्टिक. तो लहान वासरांना का नको म्हणता?

घासाशी माझे भांडण नाही. पाच-सहा महिन्यांच्या कालवडीला त्याच्यासारखी वैरण नाही. अडचण आहे ती दूध पिणाऱ्या वासराची, आणि ती घासाच्या चवीमुळेच येते. वासरे तो आवडीने आणि जास्त खातात. वर सांगितलेल्या प्रयोगात वाळला लसूणघास मिळालेल्या वासरांच्या एकूण कोरड्या खाण्यात घासाचाच वाटा सुमारे १४ टक्के झाला. तेवढी जागा खुराकाची गेली, आणि ओटच्या गवताने दिसलेला वाढीचा फायदा घासाने दिसला नाही.

ओला, दवाचा घास उपाशी वासराला घातला तर फेसाळ पोटफुगीचा धोका वेगळाच. नगर, पुणे भागात घास बारमाही घरचा असतो, तो वासराला घालायचा मोह होतो. अडीच-तीन महिने तो आवरा. नंतर कापून चार-सहा तास सुकवलेला, कडब्याच्या कुट्टीत मिसळून सुरू करा.

७. कुट्टी किती बारीक करायची?

दोन ते तीन सेंटिमीटर. लांब काडी वासरू ओढून खाली टाकते आणि तुडवते. उलट यंत्राच्या जाळीतून पडलेला पीठ-भुगा घातला, तर काडीचे काम होत नाही आणि धुळीने खोकला लागतो. कुट्टी चाळून भुगा मोठ्या जनावरांच्या गव्हाणीत टाका.

८. खुराकात मिसळून देऊ की वेगळी?

दुधावरच्या वासराला वेगळ्या भांड्यात. किती खुराक खाल्ला ते कळते, आणि वासरू स्वतःच्या गरजेने काडी उचलते. मिसळली तर वासरे खुराक वेचून काडी मागे ठेवतात किंवा काडीसाठी खुराक उधळतात. दूध तुटल्यावर मिसळायला हरकत नाही. उष्टावळ दोन्ही वेळी काढा. आईच्या गव्हाणीतली उष्टावळ वासरापुढे ओढू नका.

९. आमच्या वासराचं पोट छान गोल सुटलंय. म्हणजे कोटीपोट चांगलं तयार झालं ना?

बहुतेक वेळा नाही. दोन-तीन महिन्यांचे वासरू, पोट खाली लोंबणारे, पाठीचा कणा नि माकडहाड वर आलेले, केस राठ आणि तांबूस: हे भरमसाट निकृष्ट वैरण आणि अपुऱ्या खुराकाचे रूप आहे. काडी पचवायची ताकद कोटीपोटात अजून आलेली नसते, म्हणून ती आत पडून राहते. पोट भरलेले आणि वासरू उपाशी, असा हा प्रकार.

दुसरे कारण जंत. रेडकांमध्ये गोल जंत चिकातून-दुधातून आईकडूनच येतात. त्यामुळे जंताचा पहिला डोस दहा-पंधरा दिवसांच्या वयालाच लागतो. औषध आणि मात्रा डॉक्टरांकडून घ्या. जंत काढले, खुराक वाढवला, वैरण प्र. ४ मधल्या मापावर आणली, तरी पोट लगेच आत जाणार नाही. आधी पाठ भरते, मग पोट.

१०. हिरवा मका, हत्तीगवत, उसाचं वाढं यांचं काय?

हिरव्या मक्यात कोरडा भाग २०-२५ टक्के, कोवळ्या हत्तीगवतात त्याहूनही कमी. म्हणजे किलोभर हिरव्यातले पाऊण किलोपेक्षा जास्त पाणीच. लहान पोटाला हे परवडत नाही. तीन महिन्यांपर्यंत हिरवे नको. कधी चार पाने चघळली तर घाबरू नका.

उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. हाडे बनण्याच्या वयात हे नको. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात वाढ्याशिवाय दुसरे काही दारात नसते हे खरे आहे. पण मूठभर वाळल्या वैरणीसाठी दोन पेंढ्या कडबा बाजूला ठेवणे अवघड नाही.

कोवळी ज्वारी आणि ताण पडल्यावर फुटलेला ज्वारीचा खोडवा कोणत्याच वयात नको. त्यात सायनाइडचे विष तयार होते. पक्व पिकाच्या वाळलेल्या कडब्यात ही भीती नाही.

११. मुरघास कधीपासून?

आपल्या हवामानात तीन महिन्यांनंतर. युरोपातल्या प्रयोगांत लहान वासरांना मुरघास देऊन चांगले निकाल आले आहेत, पण थोडा मुरघास भांड्यात दिवसभर पडून राहिला की आपल्या उन्हात तो तापतो नि बुरसतो. सुरू कराल तेव्हा दोन-तीन तासांत संपेल एवढाच घाला. मुरघासाच्या बॅगेच्या तोंडाशी आलेला पांढरा-हिरवा बुरशीचा थर वासरालाच काय, गाईलाही नको.

१२. आम्ही रेडकू सडालाच सोडतो. त्याला वेगळी वैरण-खुराक लागतो का?

लागतो. सडाला पिणारे रेडकू किती दूध पिते ते कुणालाच माहीत नसते. पान्हा सोडवण्यापुरते लावले तर अगदी थोडे, मागे सोडले तर पुष्कळ. कमी पिणारे रेडकू भूक भागवायला म्हशीच्या गव्हाणीतली लांब वैरण खाऊ लागते. मग प्र. ९ मधले पोट. मुक्त गोठ्यात वासरांसाठी आडव्या बांबूचा एक कोपरा करा, ज्यातून लहान आत जाईल आणि म्हैस जाणार नाही. तिथे खुराक, कुट्टी, पाणी. पारडी आणि टोणगा दोघांनाही हेच. टोणग्यांची आबाळ हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे.

१३. आम्ही दिवसाला सात-आठ लिटर दूध पाजतो. वासरू खुराकाला तोंडच लावत नाही. वैरण द्यावी का?

द्या. भरपूर दुधावरचे वासरू खुराकाकडे उशिरा वळते, हे नैसर्गिक आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने अशाच, रोज ८ लिटर दूध पिणाऱ्या वासरांवर काम केले (२०११). खुराकासोबत वाळले गवत मिळालेल्या वासरांची कोटीपोटे दहाव्या आठवड्यात मोठी होती आणि त्यांतली आम्लता कमी होती. मात्र एवढे दूध एकदम तोडू नका. सहाव्या आठवड्यापासून दोन-तीन आठवड्यांत उतरवत न्या. खुराक त्या उतारावरच वाढतो.

१४. वैरणीने वजन वाढतं म्हणता, पण ते खरं वजन की पोटातला भरणा?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे कौतुक वाटते, कारण पुष्कळ लेखांत तो गाळला जातो. काही भाग भरणाच असतो. कॅनडाच्याच प्रयोगात आतल्या अन्नासकट कोटीपोट नि त्याला लागून असलेला कप्पा मिळून गवत मिळालेल्यांत सुमारे १२.८ किलो भरले, न मिळालेल्यांत ८ किलो. म्हणजे जवळपास पाच किलोंचा फरक काट्यावर ‘वाढ’ म्हणून दिसू शकतो.

म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. छातीचा घेर टेपने मोजा आणि मागच्या पुठ्ठ्याची उंची काठीवर खुणा करून बघा. पोटातल्या काडीने उंची वाढत नाही. भरणा वजा केला तरी ओट, काड अशा वैरणींत फायदा उरतो असे मला वाटते. तो खुराक जास्त गेल्यामुळे असतो.

१५. घरचा भरडा देतो. कंपनीच्या गोळीऐवजी तो असेल तर वैरणीची गरज बदलते का?

बदलते. खुराक जितका बारीक, तितकी वैरण गरजेची. जाडाभरडा मका किंवा अख्खे दाणे असलेल्या खुराकात काडीचे थोडे काम दाणाच करतो, तिथे वैरणीचा फायदा कमी दिसतो. पिठासारखा भरडा किंवा हाताने चुरगळणारी गोळी असेल तर वैरण टाळूच नका.

घरी करायचा तर मक्याचा जाड भरडा ५० भाग, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिने साधारण २० टक्के बसतात. पेंडीला बुरशीचा वास नको. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, ती वासरांच्या खुराकात घालू नका. आंबोण भिजवून देण्याची सवयही वासरांना लावू नका, ते काही तासांत आंबते.

१६. वासरू माती, दोरी, दुसऱ्याचे कान चाटतं. वैरण कमी पडते म्हणून?

ते एक कारण आहे. चघळायला काही नसलेली वासरे भिंती, दावे, एकमेकांचे अंग चाटतात आणि वैरण मिळाली की हे कमी होते, असे प्रयोगांतही दिसले आहे. पण माती खाण्यामागे जंत आणि खनिजांची कमतरताही असते. मुसके घालून तोंड बंद करणे हा उपाय नव्हे, त्याने काडी आणि खुराकही बंद होतो. दूध पिऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चोखायची ओढ तीव्र असते. त्याच वेळी खुराक आणि कुट्टी पुढे ठेवा.

१७. हगवण लागली की वैरण बंद करायची का? दूध?

दूध बंद करू नका. मधल्या वेळेत क्षार-साखरेचे पाणी द्या. कोरडी कुट्टी समोर असू द्या, खाल्ली तर खाल्ली. हिरवे काढून घ्या. वासरू उठत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा शेणात रक्त असेल तर डॉक्टर लगेच.

हिरवट-पांढरी, मातीसारखी चिकट विष्ठा आणि दूध प्यायल्यावर डाव्या बाजूला पाणी हलल्यासारखा आवाज येत असेल, तर दूध चौथ्या कप्प्यात न जाता कोटीपोटात सांडत असण्याची शक्यता आहे. बादलीत तोंड खुपसून घाईने पिणाऱ्या वासरांत हे होते. चोखणीच्या बाटलीने, मान वर ठेवून पाजा. वैरण कमी-जास्त करून हे सुटत नाही.

१८. दूध कधी तोडायचं? वैरण खायला लागलं की?

नाही, वैरण हा निकष नव्हे. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला की तोडा. हे साधारण दोन ते अडीच महिन्यांत होते. खूप वैरण खाणारे नि पाव किलो खुराकावर अडलेले वासरू दुधावरून काढले की हमखास खंगते. पाणीही बघा: कोरड्या खाण्याच्या सुमारे चौपट पाणी लागते, आणि दुधातले पाणी त्यात धरायचे नाही, कारण दूध कोटीपोटात जातच नाही.

१९. खुराक परवडत नाही. नुसत्या दूध-वैरणीवर कालवड वाढवली तर?

जगते. उशिरा माजावर येते. दूध तुटेपर्यंत एका वासराला सारा मिळून तीस-चाळीस किलोंच्या आसपास खुराक लागतो. तुमच्या भावाने गुणून बघा आणि समोर कालवड सहा-आठ महिने उशिरा वितल्याचे बुडालेले दूध ठेवा. अगदीच हात आखडता घ्यायचा असेल तर तो चौथ्या महिन्यानंतर, चांगला लसूणघास किंवा दशरथ गवत (घासासारखाच शेंगवर्गीय चारा) हाताशी असताना घ्या.

२०. खाली अंथरलेला पेंढा वासरू खातं. वेगळी वैरण कशाला?

खाते हे खरे, आणि स्वच्छ कोरडा पेंढा रोज बदलत असाल तर गरज बरीच भागते. पण शेण-मूत्र लागलेला पेंढा खाऊन हगवण नि कॉक्सिडियाची (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची) लागण होते, म्हणून कुट्टीचे भांडे जमिनीपासून उंच ठेवा.

युरोपीय संघात तर हा कायद्याचाच भाग आहे. दोन आठवड्यांवरच्या प्रत्येक वासराला तंतुमय खाद्य रोज द्यावेच लागते, आणि आठ ते वीस आठवड्यांच्या काळात ते किमान ५० ग्रॅमपासून २५० ग्रॅमपर्यंत वाढवत न्यावे लागते. तिथे पांढरट मांसासाठी वासरांना नुसत्या दुधावर कोंडून वाढवत, त्यावर हा उतारा.

२१. युरिया प्रक्रिया केलेला कडबा उरलाय, वासरांना चालेल?

सहा महिन्यांच्या आत नाही. युरियापासून प्रथिने बनवणारे कोटीपोटातले जिवाणू पुरेसे नसले तर तयार होणारा अमोनिया सरळ रक्तात जातो. सहा महिन्यांनंतरही आधी थोडा, उघड्यावर पसरून वास उडाल्यावर, आणि खुराक खाऊन झालेल्या कालवडीलाच.